मालगाडी आली की पंप मार

गणपती गेले, पाऊस जरा हलका झाला आणि ग्रुपवर मेसेज आला की रविवारी खानापूरजवळच्या जुन्या भट्टीवर पेंटबॉलचा सिनॅरिओ गेम आहे, म्हणजे एक गोष्ट रचून, एकमेकांना रंगाचे बॉल मारून आऊट करायचं, येणाऱ्यांनी नावं टाका. मी नाव टाकलं आणि खाली लिहिलं, मी पंप घेऊन येणार. पाच मिनिटांत निपाणीच्या मावसभावाचा फोन. "काय रे, पंप कशाला? सगळ्यांच्या हातात सेमी असणार आणि तू एकेक बॉल भरत बसणार काय?" म्हटलं होय, एकेकच भरणार. "मग माझ्या टीमात येऊ नकोस बाबा," म्हणाला, आणि रविवारी चिठ्ठ्या पडल्या तर दोघं एकाच टीमात.

पंप म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण कारखान्यात पण दोघा-तिघांनी विचारलं. मार्कर म्हणजे बॉल मारायची बंदूक. मैदानावर भाड्यानं मिळतो तो सेमी-ऑटो मार्कर, वर हॉपर म्हणजे दोनशे बॉलचा डबा, खाली गॅसची बाटली, प्रत्येक वेळी ट्रिगर ओढला की एक बॉल जातो आणि पुढचा आपोआप बसतो, म्हणून बोट चालेल तेवढा मारा चालतो. पंपात आपोआप असं काहीच नाही. बॅरलखाली एक मूठ असते, ती मागं ओढली की बोल्ट मागं जातो, आतला हॅमर स्प्रिंग दाबून मागं अडकतो आणि एक बॉल खाली पडतो, मूठ पुढं ढकलली की बोल्ट त्या बॉलला बॅरलच्या तोंडाशी नेऊन बसवतो. ट्रिगर ओढला की हॅमर सुटतो, व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह क्षणभर उघडतो, तेवढ्या गॅसवर बॉल जातो. परत मारायचंय तर परत मागं, परत पुढं. माझा तर त्याहून साधा, जुन्या स्टॉक क्लास पद्धतीचा. हॉपर नाही, बॅरलला समांतर आडवी नळी आणि तिच्यात दहा बॉल, गॅसला १२ ग्रॅमची सीओटूची बोटाएवढी कॅप्सूल. नळी आडवी असल्यामुळं बॉल स्वतःहून येत नाही, मार्कर जरा तिरका करून त्याला घरंगळू द्यावं लागतं, टिक असा बारीक आवाज येतो, मग पंप. एका कॅप्सूलवर साधारण २५-३० बॉल निघतात.

हा मला मैदानवाल्या काकांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला. गळत होता म्हणून कुणी हात लावत नव्हतं. मी उद्यमबागेत हायड्रॉलिक्सच्या कामात, दिवसभर व्हॉल्व्ह, सील, स्प्रिंग हेच हातात, त्यामुळं त्याला खोलून टेबलावर मांडला तेव्हा मला खरंच आनंद झाला. मोजून थोडेच पार्ट, प्रत्येकाचं काम डोळ्यांना दिसतंय, लपवलेलं काही नाही. पहिल्यांदा मी नेहमीची काळी नायट्राइलची ओ-रिंग घातली, तेलाला ती उत्तम चालते आणि आमच्याकडं डबे भरून पडलेल्या असतात. तीन-चार कॅप्सूल झाल्यावर परत गळती. उघडून बघतो तर रिंग फुगून खोबणीच्या बाहेर आलेली. सीओटू दाबाखाली रबरात शिरतो आणि दाब सुटला की आतल्या आत फुगतो, हे मला वाचून माहीत होतं पण हातात घेऊन बघितल्यावर पक्कं डोक्यात बसलं. मग पॉलियुरेथेनची घातली, ती आजपर्यंत आहे.

काकांनी मार्कर मलाच देऊन टाकला. "तू दुरुस्त केलास, तूच सांभाळ," म्हणाले.

आता लोक याला जुनं धूड म्हणतात म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हा खेळ सुरू झाला तोच असल्या हातानं भरायच्या मार्करवर. २७ जून १९८१ ला अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर गावाजवळच्या जंगलात १२ जण उतरले, प्रत्येकाच्या हातात नेल्स्पॉट ००७. तो मार्कर माणसांवर मारायला केलेलाच नव्हता, नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझी या एअरगनच्या कंपनीनं बनवलेला, जंगलातल्या झाडांवर आणि कुरणातल्या जनावरांवर लांबून रंगाची खूण करायला. आमच्या खानापूर भागातल्या माणसाला हे लगेच कळतं, आपल्याकडं फॉरेस्टवाले तोडायच्या झाडाच्या बुंध्यावर हातोडीनं ठसा मारतात, तिकडं त्यांनी रंग मारला. रंग पण तेव्हा तेलाचा होता, खेळून झालं की टर्पेंटाइननं पुसायचा. आणि त्या पहिल्या गेममध्ये जिंकला तो रिची व्हाइट नावाचा माणूस, धंद्यानं जंगलातलाच, त्यानं सगळ्या चौक्यांवरचे झेंडे गोळा केले आणि दिवसभरात एकही बॉल मारला नाही. सेमी मैदानावर आले ते पुढं १९९० च्या आसपास.

तर रविवार. सकाळी साडेसातला निघालो. बेळगावहून खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर, पिरनवाडी, मच्छे टाकलं की गार वारं लागतं. मार्कर पिशवीत बंद, बॅरलवर कव्हर, कॅप्सूल काढलेली. हे मी कायम पाळतो आणि सगळ्यांनी पाळावं, आपलं गाव कॅन्टोन्मेंटचं, मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर इथं, रस्त्यात हातात असली वस्तू घेऊन हिंडणं बरोबर नाही, आणि लांबून बघणाऱ्याला ते खेळणं आहे हे कळत पण नाही.

भट्टी म्हणजे कौलं-विटांची, कधीचीच बंद पडलेली. अर्धं धुराडं उभं, एक पडकी शेड, माती काढून काढून झालेले खड्डे त्यात आता पाणी आणि बेडूक, विटा पाडायचं मोठं मोकळं मैदान, आणि कडेला घाणेरी माजलेली, मागं काजूची झाडं. जागोजागी खंगर विटांचे ढीग, जास्त भाजून एकमेकीला चिकटलेल्या काळ्या-निळ्या विटा, त्यांच्या आड बसलं की गुडघे सोलतात पण आडोसा एक नंबर. मैदानापासून थोड्याच अंतरावर रेल्वे लाइन, बेळगाव-लोंढा.

दोन्ही बाजू मिळून आम्ही ३४ जण. बेळगावचे, खानापूरचे, चंदगडकडचे चार, बैलहोंगलचे तिघं. मैदानात मराठी-कन्नड एकदमच चालू असतं, रेफ्री "आऊट" म्हणतो तेवढं एकच सगळ्यांचं सारखं.

गोष्ट काकांनीच रचलेली. जुन्या काळातला हरकारा, म्हणजे टपाल घेऊन पळणारा माणूस, त्यावर. लाल बाजूकडं पाच लखोटे, ते एकेक करून शेडमधून पलीकडच्या विहिरीपर्यंत पोचवायचे, पोचलेल्या प्रत्येक लखोट्याला ५० गुण. निळ्या बाजूनं वाटेत धरला तर ते ७० त्यांचे. लखोटा फक्त हरकाऱ्यानं न्यायचा आणि हरकाऱ्याच्या हातात मार्कर नाही. त्याला रंग लागला तर लखोटा जागेवर ठेवून बाजूला व्हायचं. बाकीचे आऊट झाले की तळावर जाऊन दहा मिनिटं थांबून परत यायचं. आम्ही लाल. आमची हरकारी म्हणजे बेळगावात नर्सिंग शिकणारी एक पोरगी, मूळ नंदगडची, आयुष्यात पहिल्यांदा खेळायला आलेली पण पळायला वाऱ्यासारखी. काकांनी मला तिच्याबरोबर दिलं. "तू बॉल जपून मारतोस, तू हिला सांभाळ."

आधी क्रोनो. प्रत्येक मार्करचा वेग मोजल्याशिवाय मैदानात सोडत नाहीत, आमच्याकडं मर्यादा सेकंदाला २८० फूट. म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या वर, तीन ग्रॅमचा बॉल, एवढ्यानं डोळा जाऊ शकतो, म्हणून मास्क मैदानात कधीही, घाम आला, धुकं धरलं, काहीही झालं तरी काढायचा नाही. माझा सकाळी २६२ दाखवत होता. दुपारी ऊन पडल्यावर परत मोजला तर २९१. सीओटूचं हे असं आहे, कॅप्सूलमध्ये तो द्रव असतो आणि त्याचा दाब हवेच्या उष्णतेवर चालतो, २० अंशाला साधारण ५७ बार, ३० अंशाला ७२ च्या आसपास. मी लगेच स्प्रिंगचा स्क्रू सैल करून २७५ वर आणला. रेफ्रीनं सांगितलं नव्हतं, पण ढगातून ऊन बाहेर आलं की स्वतःहून जाऊन मोजणं हे ज्याच्या हातात सीओटूचा मार्कर आहे त्याचं काम आहे असं मी मानतो.

पहिला लखोटा गेला माझ्या चुकीनं, ते सांगायलाच पाहिजे. सकाळी भुरभुर पाऊस होता आणि माझ्या सहा नळ्यांतल्या दोनांची झाकणं नीट बसली नव्हती, त्या पट्ट्यात तशाच अडकवलेल्या. पेंटबॉलचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाची मऊ कॅप्सूल असते तसलंच, आत पॉलिइथिलिन ग्लायकॉलमध्ये कालवलेला रंग. जिलेटिन हवेतलं पाणी ओढून घेतं, बॉल फुगतो, मऊ पडतो आणि गोल राहत नाही. आमचा पावसाळा म्हणजे बॉलचा वैरी. शेडमधून निघालो, ती माझ्या मागं, समोर काजूच्या बुंध्याआड निळा फडका दिसला, नेम धरला, ट्रिगर ओढला आणि बॉल बॅरलमध्येच फुटला. समोर नुसता पिवळा फवारा. परत पंप मारला तर बोल्ट पुढं जाईना, दुसरा बॉल अर्धा आत अर्धा बाहेर चिरडलेला. तेवढ्यात त्यानं उठून हॉपर रिकामा करायला सुरुवात केली, माझ्या खांद्यावर दोन, तिच्या दंडावर एक. लखोटा तिनं दगडावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "चूक माझी हाय. बॉल ओले झाले." ती म्हणाली, "दादा, मग आता कोरडे घ्या की." एवढंच.

तळावर बसून स्वॅबनं बॅरल पुसलं, पाणी मारून रंग काढला, बोल्ट कोरडा केला. पिशवीत व्हर्नियर असतो माझ्या, सवयच आहे. कोरड्या नळीतले बॉल १७.३ मिलिमीटर, ओल्या नळीतले १७.७ पर्यंत, आणि एकच बॉल फिरवून मोजला तर दोन बाजूंना वेगळं माप. ते वीसच्या वीस बॉल बाजूला टाकले. उरले ४० च्या आत. सेमीवाल्याला एवढे दोन मिनिटांना पुरत नाहीत.

आणि इथंच मला पंप आवडतो. बॉल कमी आहेत हे हाताला माहीत असतं, म्हणून डोळा जास्त काम करतो. लोक म्हणतात पंपाचा नेम चांगला, ते खरं नाही, तोच बॉल, तोच वेग, तेवढंच अंतर, लांबचा बॉल वळतो तो सगळ्यांचाच वळतो. फरक मारणाऱ्यात पडतो. सेमी हातात असला की मी झुडूप हललं की मारतो, पाठोपाठ दहा-बारा, त्यातला एक लागेल म्हणून. पंप हातात असला की झुडूप का हललं ते बघतो. वारं असेल तर सगळंच हलतं, माणूस असेल तर एकच फांदी हलते आणि ती उलट्या बाजूला जाते. घाणेरीतून माणूस सरकला की तिचा तो उग्र वास येतो, पावसात तर लांबूनच. हे मला सेमी घेऊन खेळलेल्या दोन वर्षांत कधी कळलं नव्हतं.

पण एक अडचण मोठी. पंपाचा आवाज. खर्र-खट. शांत मैदानात तीस पावलांवर ऐकू जातो आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता याच्या मार्करमध्ये काही नव्हतं, आता भरलं. म्हणून पंप मारायचा तो दुसरा आवाज असताना. सेमी तडतडायला लागले की मारून घ्यायचा, कुणी ओरडलं की मारून घ्यायचा.

तिसरा आणि चौथा लखोटा कसाबसा पोचला, ते फार सांगत नाही, पळापळी नुसती, दुसरा तर आमच्या डोळ्यांसमोर निळ्यांनी नेला. चौथ्याच्या वेळी बैलहोंगलच्या एकानं "हिंद नोड, हिंद नोड" असं ओरडून मला वाचवलं, मागं बघितलं तर निळावाला दहा पावलांवर.

पाचव्याला वेळ उरला वीस मिनिटं. शेड ते विहीर या मधलं ते विटा पाडायचं मैदान, एकदम मोकळं, सत्तर-ऐंशी पावलं. पलीकडं धुराड्याच्या दोन्ही बाजूंना निळ्यांचे दोन राखणदार, खंगर विटांच्या ढिगाआड, दोघांकडं सेमी. मावसभाऊ माझ्याजवळ सरकत आला, मास्क सगळा चिखलानं भरलेला. "मी हॉपर भरून घेतलाय, सरळ जाऊया काय?" म्हटलं, "नको. तू डावीकडनं काजूतनं जा आणि नुसता आवाज कर. मारू नकोस कुणाला, नुसतं त्या शेडच्या पत्र्यावर मारत राहा." त्यानं माझ्याकडं बघितलं, वाद घालेल वाटलं, पण गेला.

आम्ही दोघं उजवीकडनं घाणेरीतून पोटावर सरकत धुराड्यापासून वीसेक पावलांवर आलो. मार्कर रिकामा होता, म्हणजे नळीत चार बॉल पण चेंबरमध्ये काही नाही, इथं खर्र-खट केलं असतं तर दोघांनी एकदम तोंड वळवलं असतं. ती कानाशी कुजबुजली, "दादा, पळू काय आता?" म्हटलं थांब. कशासाठी थांबतोय ते मलाही धड माहीत नव्हतं, भाऊ अजून सुरू झाला नव्हता. तळहाताखाली चिखल गार, एक गोगलगाय बॅरलच्या कव्हरच्या दोरीवरून चाललेली, ती मी बघत बसलो. आणि लोंढ्याकडनं हॉर्न आला.

मालगाडी. आधी जमीन थरथरते, मग तो धडधड धडधड आवाज वाढत जातो. मी मार्कर तिरका केला, बॉल घरंगळला हे कानाला नाही, बोटाला कळलं, मूठ मागं ओढली पूर्ण, अर्धवट ओढली तर बोल्ट बॉल चिरडतो, मग पुढं. काही ऐकू आलं नाही. अलीकडच्या राखणदाराचा खांदा विटांच्या वर दिसत होता, श्वास सोडला, मारलं. बॉल त्याच्या हॉपरला लागून फुटला, हॉपरला लागला तरी हिटच. त्यानं इकडंतिकडं बघितलं, कुठनं आला त्याला कळेना, आवाजच नव्हता. मग बोटानं रंग बघितला, हात वर केला आणि मुकाट चालायला लागला. असं प्रामाणिकपणे हात वर करणारा खेळाडू मिळणं हे माझ्या मते कुठल्याही मार्करपेक्षा मोठं आहे.

गाडी अजून चालू होती. परत तिरका, परत मागं, परत पुढं. शेवटचा डबा गेला आणि एकदम सगळं शांत झालं, बेडूक पण गप्प. आता चेंबरमध्ये एक बॉल आणि परत भरायची सोय नाही. दुसऱ्या राखणदारानं पहिल्याला हाक मारली, "ए, आऊट झालास काय?" आऊट झालेला बोलत नाही, तो नियमच आहे, तो चालत राहिला. मग हा ढिगाआडून बाहेर आला. पंधरा पावलं. छाती समोर. माझं बोट ट्रिगरवर होतं आणि मी मारलं नाही, कारण चुकला असता तर तो, त्याचा भरलेला हॉपर आणि मध्ये ही पोरगी, बस. त्याची मान डावीकडं आहे एवढं मी बघत राहिलो. आणि काजूतनं पत्र्यावर तडतडतडतड सुरू झालं. भाऊ. तो राखणदार वळला आणि तिकडं धावला, आमच्याकडं पाठ करून.

"पळ," म्हटलं.

ती कशी पळाली. मैदानात चिखल असून घसरली नाही, लखोटा छातीशी दोन्ही हातांनी धरलेला, मी मागं मार्कर धरून, बॉल तसाच चेंबरमध्ये. विहिरीच्या काठावर रेफ्री बसलेला, त्याच्या हातात लखोटा टेकवला तेव्हा शिट्टी वाजायला चारच मिनिटं राहिली होती.

गुण मोजले तर आमचे तीन पोचले म्हणजे दीडशे, त्यांनी दोन धरले म्हणजे एकशे चाळीस. दहानं आम्ही वर. भावानं मला मिठी मारली ती अशी की दोघांच्या अंगाचा रंग एकमेकांना लागला, आणि मग शेडमध्ये बसून भाकरी, शेंगाचटणी आणि कुणीतरी आणलेला कुंदा, निळे-लाल सगळे एकाच पेपरवर.

चेंबरमधला तो बॉल मी नंतर टार्गेटवर मारून मोकळा केला, भरलेला मार्कर पिशवीत जाता कामा नये. त्यानंतर तिनं विचारलं, "दादा, मी एकदा बघू?" मास्क घालायला लावला, कॅप्सूलमध्ये थोडा गॅस होता. तिनं मूठ अर्धीच ओढली, म्हटलं पूर्ण मागं, घाबरू नकोस. तिनं परत ओढली, हळू, मान तिरकी करून ऐकत, आणि टिक ऐकू आल्यावर माझ्याकडं बघून हसली. मग पुढं ढकलली, खट. टार्गेटच्या जरा वर लागला.

पुढचा गेम दिवाळीनंतर, तेव्हा हवा कोरडी असते, बॉल फुगणार नाहीत. काकांच्या ट्रंकेत अजून एक पंप आहे, त्याचा हॅमर झिजलाय, तो मी या आठवड्यात लेथवर नवीन करून घेतोय. तिला सांगून ठेवलंय.